जुनी जीवशास्त्राची आणि वैद्यकाची पाठ्यपुस्तके कशी जमवावीत

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, असे १९५० च्या सुमारास छापलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला विचारले, तर ते ठामपणे सांगते : ४८. थिओफिलस पेंटर यांनी १९२० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजली आणि पुढची तीसेक वर्षे तोच आकडा शिकवला गेला. १९५६ साली जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी गुणसूत्रे ४६ असल्याचे दाखवून दिले. मधल्या काळात ज्याने उत्तरपत्रिकेत ४६ लिहिले असते, त्याचे गुण कापले गेले असते.

मला जुनी पाठ्यपुस्तके जमवावीशी वाटतात ती अशा पानांसाठी. विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरचा १६२८ चा ग्रंथ एका माणसाला काय उमगले ते सांगतो. पाठ्यपुस्तक सांगते, त्या वर्षी बाकी सगळे काय खरे धरून चालले होते. ही पुस्तके वापरून झिजतात आणि नवी आवृत्ती आली की टाकून दिली जातात, त्यामुळे एके काळी हजारोंनी छापलेल्या पुस्तकाचीही धड प्रत आज शोधावी लागते. तरीही गाजलेल्या मूळ ग्रंथांच्या मानाने ती सामान्य वाचकाच्या आवाक्यात असतात. सुरुवात करायला वैद्यकाची पदवी लागत नाही. एक भिंग, एक वही आणि भरपूर सबुरी पुरते.

आधी धागा धरा

"जुने वैद्यकीय पुस्तक दिसले की घ्यायचे" असे ठरवलेत तर वर्षभरात कपाट भरेल आणि हाती काही लागणार नाही. संग्रहाला एक प्रश्न हवा. क्षयरोगाचेच घ्या. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्याआधीच्या पुस्तकात क्षय बहुधा घराण्यात चालत आलेला, प्रकृतीतलाच दोष म्हणून भेटतो. दहा वर्षांनंतरच्या पुस्तकात तोच आजार जंतुसंसर्गाच्या प्रकरणात जाऊन बसलेला असतो. अशी आधीची आणि नंतरची दोन पुस्तके शेजारी ठेवली की संग्रह बोलायला लागतो. मधुमेहाचेही तसेच : इन्सुलिन रुग्णाला पहिल्यांदा दिले गेले १९२२ च्या जानेवारीत, आणि त्याच्या थोडे आधीच्या पुस्तकात उपचार म्हणून जवळजवळ उपासमारीचा आहार सांगितलेला आढळतो. आनुवंशिकता हवी असेल तर १९०० हे वर्ष मध्यावर धरा. मेंडेल यांचा निबंध १८६६ साली छापून आला होता, पण त्याची दखल घेतली गेली १९०० मध्ये. त्याआधीच्या पाठ्यपुस्तकात मेंडेल सापडणे कठीण.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच पुस्तकाच्या ओळीने निघालेल्या आवृत्त्या जमवणे. माझा कल या मार्गाकडे आहे. हेन्री ग्रे यांचे शरीररचनाशास्त्र १८५८ साली निघाले. तीन वर्षांनी, वयाच्या ३४ व्या वर्षी, ग्रे देवीच्या आजाराने गेले. पुस्तक मात्र आजतागायत नव्या आवृत्त्यांतून चालू आहे. त्यातली चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढली, आणि पुढे तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. कार्टरने स्नायूंची, हाडांची, रक्तवाहिन्यांची नावे त्या त्या भागावरच लिहिली. बाहेर आकडे टाकून खाली यादी द्यायची पद्धत त्याने सोडली. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्याला याचे मोल विचारा. एका पुस्तकाच्या चार-पाच आवृत्त्या जमल्या की कोणते चित्र टिकले, कोणते बदलले, कोणते प्रकरण फुगले आणि कोणते गळाले, हे डोळ्यांना दिसते.

चित्रे छापण्याच्या तंत्रावर, एखाद्या अवयवावर किंवा फक्त विद्यार्थ्यांच्या नोंदी असलेल्या प्रतींवरही संग्रह उभा राहतो. धागा कोणताही चालेल, पण पहिले पुस्तक घेण्यापूर्वी तो वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहून ठेवा.

आवृत्ती ओळखायला शिका

शीर्षकपानावरचे साल पाहून थांबू नका. जुन्या पुस्तकांत ते पुष्कळदा रोमन अंकांत असते, तेव्हा ते अंक पाठ करून टाका. साल नसेलच तर प्रस्तावनेखालची तारीख पाहा आणि शेवटच्या पानांवरच्या प्रकाशकाच्या जाहिराती चाळा. एकदा तयार झालेल्या छपाईच्या पत्र्यांवरून वर्षानुवर्षे नव्या प्रती काढल्या जात आणि शीर्षकपानावर फक्त साल बदले. अशा पुस्तकावर साल नवे आणि आतले ज्ञान जुने असते. नवी आवृत्ती आणि नुसते पुनर्मुद्रण यांतला फरक प्रस्तावनेत कळतो. "या आवृत्तीत अमुक प्रकरण नव्याने लिहिले आहे" असे वाक्य सापडले की समाधान माना. प्रस्तावना मी नेहमी सर्वांत आधी वाचतो. लेखकाला कशाची घाई होती आणि कोणती टीका लागली होती, हे तिथे हमखास उमटलेले असते.

काही पुस्तकांच्या सुरुवातीच्या प्रती छपाईच्या चुकीवरून ओळखल्या जातात. विल्यम ऑस्लर यांचे वैद्यकावरचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक १८९२ साली न्यूयॉर्कहून निघाले, तेव्हा प्लेटोच्या 'गॉर्जियास' या संवादाचे नाव सुरुवातीच्या प्रतींत 'जॉर्जियास' असे पडले होते. पुढे ते दुरुस्त झाले. एका अक्षराची ती चूक आज संग्राहक भिंग लावून शोधतात.

नवख्या माणसाला सर्वांत जास्त फसवतात ती हुबेहूब पुनर्मुद्रणे. ग्रे यांच्या पुस्तकाची १९०१ सालची अमेरिकन आवृत्ती १९७० च्या दशकापासून भरपूर प्रमाणात जशीच्या तशी छापली गेली आहे. शीर्षकपानावर जुने साल दिसते आणि घेणारा हरखतो. कागद पांढरा, एकसारखा आणि गुळगुळीत असेल, पुठ्ठ्यावर नकली चामड्याची चमक असेल, मागच्या बाजूला बारकोड किंवा आयएसबीएन असेल, तर ते वाचायला घ्या, संग्रहात नको.

पडताळणीसाठी आज फार चांगली साधने फुकट मिळतात. वैद्यकाच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या ग्रंथांची गॅरिसन-मॉर्टन ही क्रमांकित सूची इंटरनेटवर खुली आहे. विक्रेते वर्णनात "गॅरिसन-मॉर्टन अमुक" असा क्रमांक देतात तो हाच. वेलकम कलेक्शन, अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट अर्काइव्ह यांनी हजारो जुनी पुस्तके पानन्‌पान स्कॅन करून ठेवली आहेत. घ्यायच्या पुस्तकाची स्कॅन प्रत आधी शोधा. तिच्यातली एकूण पाने आणि चित्रपाने मोजून आकडे वहीत टिपा. पुढच्या कामाचा अर्धा भार इथेच हलका होतो.

पुस्तक हातात आल्यावर

पहिले काम म्हणजे चित्रपाने मोजणे. पुठ्ठा, सोनेरी अक्षरे, वास हे सगळे नंतर. शरीररचनेची आणि वनस्पतींची जुनी पुस्तके फाडून त्यातली चित्रे चौकटीत घालून विकण्याचा धंदा फार जुना आहे. माझ्या पहिल्या मोठ्या खरेदीत मी हेच विसरलो. विक्रेत्याने "संपूर्ण" म्हटले, मी विश्वास ठेवला, आणि घरी आल्यावर तीन रंगीत पाने नसल्याचे लक्षात आले. ते पुस्तक आजही माझ्याकडे आहे, आणि तेव्हापासून मी न मोजता काही घेत नाही.

मोजायचे असे :

१. सुरुवातीला चित्रांची यादी असेल तर ती समोर ठेवून एकेक चित्र जुळवा. यादी नसेल तर स्कॅन प्रतीतला आकडा वापरा.

२. पुस्तक अलगद उघडून शिवणीजवळ पाहा. कापलेल्या पानाची अरुंद पट्टी तिथे उरलेली असते.

३. समोरच्या पानावर सावली शोधा. वर्षानुवर्षे मिटून राहिलेल्या पुस्तकात चित्राची शाई शेजारच्या पानावर फिकट छाया सोडते. छाया आहे आणि चित्र नाही, म्हणजे चित्र गेले.

४. घडीची मोठी चित्रे पूर्ण उलगडा. ती घडीवरच फाटतात.

५. उचलून पाहायच्या कागदी झडपा असतील तर प्रत्येक झडप मोजा.

झडपांचा प्रकार मला विशेष प्रिय आहे. व्हेसालियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने १५४३ साली आपल्या प्रचंड शरीररचना-ग्रंथाबरोबर विद्यार्थ्यांसाठी 'एपिटोमे' हे थोड्या पानांचे पुस्तक काढले. त्यातले अवयव कापून एकावर एक चिकटवायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा झडपांची रंगीत पुस्तके घराघरांत गेली : छाती उघडली की फुप्फुसे, फुप्फुसे उचलली की हृदय. मुलांनी ती मनसोक्त हाताळली, त्यामुळे सगळ्या झडपा शाबूत असलेली प्रत मिळणे हे भाग्यच.

मग भिंग काढा. दहापट मोठे दाखवणारे पुरेल. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेले चित्र असेल तर भोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन बोटाला लागतो, आणि रेषा टोकाला निमुळत्या होतात. लाकडावर कोरलेले चित्र मजकुरासोबत एकाच दाबात छापता येई, म्हणून ते मजकुराच्या मधोमध बसते. कार्टरची चित्रे या जातीची. शिळाछापातली, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रातली, छटा खडूने घासल्यासारखी रवाळ असते. आणि ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे १८८० च्या दशकानंतरचे तंत्र. १८५० सालच्या म्हणून दाखवलेल्या पानावर असे ठिपके दिसले, तर पुस्तक अदबीने परत ठेवा. हाताने भरलेला रंग रेषेबाहेर किंचित ओघळतो आणि कागदात मुरतो. ठिपक्यांचा मागमूस त्यात नसतो.

कागदाकडेही पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः चिंध्यांचा असे, आणि तो आजही कापडासारखा लवचीक असतो. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातल्या आम्लाने पाने पिवळी पडतात, पुढे तपकिरी होऊन कडेने तुटायला लागतात. म्हणून १८९० चे पुस्तक १७९० च्या पुस्तकापेक्षा जर्जर दिसले तर नवल नको. कोपरा दुमडून ताकद पाहण्याची सवय काहींना असते. तसे कृपा करून करू नका, पान उलटताना होणाऱ्या आवाजावरून अंदाज येतो. तांबूस ठिपके पडलेले असले तरी मी पुस्तक सोडत नाही, मजकूर वाचता येतो ना एवढेच पाहतो. चामड्यातून लालसर भुकटी हाताला लागत असेल तर ते चामडे कुजते आहे आणि पूर्ववत होणार नाही. पुस्तक दुर्मीळ असेल तरच घ्या.

कुबट वास आणि मऊ, लवलवीत बुरशी यांना मात्र माफी नाही. एक बुरशी लागलेले पुस्तक अख्खे कपाट नासवते.

ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर "रद्द केले" किंवा "काढून टाकले" असा दुसरा शिक्काही शोधा. तो नसेल तर पुस्तक तिथून कसे बाहेर पडले हे विचारा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत घेऊ नका.

न पाहता घेताना

लिलावात किंवा इंटरनेटवर घेताना विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारा : चित्रपाने किती आहेत आणि किती असायला हवीत? पाने सलग आहेत का? बांधणी मूळची की नंतरची? वास येतो का? शीर्षकपान, त्याची मागची बाजू, कणा आणि सर्वांत वाईट पान यांचे फोटो मागवा. चांगला विक्रेता सर्वांत वाईट पानाचा फोटो आनंदाने पाठवतो. "वाचनप्रत" असे वर्णन असेल तर पुस्तकात दोष आहेत असे समजा, "जसे आहे तसे" असेल तर ते परत घेतले जाणार नाही असे समजा.

बाकी पुस्तके मिळण्याची ठिकाणे तुम्हाला सुचतीलच. निवृत्त डॉक्टरांची आणि शिक्षकांची घरे त्यांत पहिली. तिथे मान राखून जा, आणि पुस्तकाबरोबर त्याची गोष्टही लिहून घ्या.

हिरव्या पुठ्ठ्यापासून सावध

एकोणिसाव्या शतकात पुठ्ठ्याच्या कापडाला झळाळता हिरवा रंग देण्यासाठी तांबे आणि आर्सेनिक यांचे संयुग वापरले गेले. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून डेलावेअर विद्यापीठाबरोबर अशा पुस्तकांचा शोध चालवला आहे. तो रंग कापडावरून सुटून हाताला लागतो. त्या काळातले चकचकीत हिरवे कापडी पुस्तक आढळले तर नायट्राइलचे हातमोजे घाला, बंद होणाऱ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, वर चिठ्ठी लावा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. ज्या टेबलावर ठेवले ते ओल्या फडक्याने पुसा. जेवणाच्या टेबलावर तर ते मुळीच उघडू नका.

आणि आतला उपचार कधीही करून पाहू नका. या पुस्तकांत पारा पोटातून द्यायला सांगितलेला आहे, आणि तोही अगदी सहज सुरात.

समासातल्या नोंदी

कोरी, स्वच्छ प्रत श्रेष्ठ, असे पुष्कळ संग्राहक मानतात. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मला ते पटत नाही. कोणीतरी पेन्सिलीने अधोरेखित केलेली, समासात "हे येणारच" असे लिहिलेली, हाडाच्या चित्राशेजारी स्वतःच पुन्हा ते हाड काढून पाहिलेली प्रत मला हवी असते. छापील मजकूर काय शिकवले ते सांगतो, समास काय शिकले गेले ते सांगतो. एखाद्या ठिकाणी मालकाने नंतर छापील वाक्य खोडून नवा शोध लिहिलेला असतो. त्या एका खाडाखोडीसाठी मी शंभर कोऱ्या प्रती सोडेन. तेव्हा रबर हाती घेऊ नका, मागच्या मालकाच्या नावावर पट्टी चिकटवू नका.

पानांत चिठ्ठ्या, वाळलेली पाने, तिकिटे निघतात. ती कोणत्या पानावर होती ते टिपून आम्लविरहित पाकिटात ठेवा, कारण तिथेच राहिली तर पान डागाळेल. डॉक्टरच्या पुस्तकातून रुग्णाचे नाव लिहिलेला कागद निघाला तर तो कोणाला दाखवू नका आणि त्याचा फोटोही कुठे टाकू नका. कितीही जुना असला तरी तो कोणाच्या तरी आजाराचा कागद आहे.

हे शरीर कोणाचे?

शरीररचनेच्या प्रत्येक चित्रामागे एक मृत माणूस आहे, आणि पुष्कळदा त्याची संमती कोणी विचारलेली नाही. एडिनबरोमध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर यांनी शवविच्छेदनासाठी प्रेते विकता यावीत म्हणून माणसे मारली. ब्रिटनमध्ये १८३२ चा शरीररचना कायदा आला, आणि कोणी हक्क न सांगितलेली गरिबांची प्रेते टेबलावर येऊ लागली. त्यानंतरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतली चित्रे पाहताना मी हे मनात ठेवतो.

सर्वांत अवघड उदाहरण व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ एडुआर्ड पेर्नकोप्फ यांच्या चित्रमय अ‍ॅटलासचे. त्याचा पहिला खंड १९३७ साली निघाला. चित्रे विलक्षण आहेत. पेर्नकोप्फ कडवे नाझी होते, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत काही चित्रकारांच्या सह्यांमध्ये स्वस्तिक आणि एसएस या नाझी दलाची खूण दिसते. पुढच्या आवृत्त्यांत त्या खुणा पुसल्या गेल्या. व्हिएन्ना विद्यापीठाच्या चौकशीचा अहवाल १९९८ साली आला. नाझी काळात देहदंड दिलेल्या किमान १,३७७ जणांची शरीरे तिथल्या शरीररचना विभागात आली होती, असे त्यातून कळले. हे पुस्तक जवळ ठेवायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा नियम एवढाच आहे की ठेवायचे असेल तर त्यासोबत ही माहिती लिहिलेला कागद ठेवायचा आणि चित्रे सुटी करून भिंतीवर लावायची नाहीत.

मानवी कातड्यात बांधलेल्या पुस्तकाचा दावा कोणी केला तर तिथून निघून जा. हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयाने २०२४ साली आपल्याकडच्या अशा एका पुस्तकावरचे कातडे काढून घेतले. अशा वस्तूचा अभिमान बाळगण्यासारखे त्यात काही नाही.

घरी आणल्यावर

नवे पुस्तक थेट कपाटात घालू नका. दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा आणि कसर किंवा ताजी भोके दिसतात का पाहा. भोकांतून बारीक पूड पडत असेल तर किडा जिवंत आहे. साध्या कागदी-कापडी बांधणीचे पुस्तक पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर गोठवतात. बाहेर काढल्यावर ते पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी धरते. चामड्याच्या बांधणीसाठी जाणकाराला विचारा.

हवेतली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहावी. ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. छोटा आर्द्रतामापक कपाटातच ठेवा. थेट ऊन नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट नको. मध्यम आकाराची पुस्तके उभी, एकमेकांना हलका आधार देत ठेवा. मोठे, जड अ‍ॅटलास आडवे ठेवा, नाहीतर पानांच्या वजनाने शिवण खाली ओढली जाते. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, शेजारची दोन पुस्तके मागे सरकवून मधले मुठीत धरा. पान उलटायला धुतलेले, कोरडे हात सुती हातमोज्यांपेक्षा बरे. मोज्यांतून पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नाही. त्याचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होतो आणि डाग सोडतो. दुरुस्ती करायचीच तर जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. आधी टाकाऊ पुस्तकावर हात बसवा. चामड्याला तेल किंवा बुटाचे पॉलिश लावू नका. मौल्यवान पुस्तक असेल तर काहीही न करता आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवणे हीच उत्तम दुरुस्ती.

शेवटी नोंदवही. प्रत्येक पुस्तकासाठी लेखक, आवृत्ती, साल, छापणारा, चित्रपानांची संख्या, उणिवा, कुठून आणि कधी आले, कोणाचे नाव आत आहे, हे लिहा. त्याखाली दोन ओळी तुमच्या : हे पुस्तक का घेतले आणि यातले कोणते पान पाहावे. नोंदवहीची एक प्रत घरातल्या माणसाकडे द्या आणि तुमच्यामागे संग्रह कोणाकडे जावा, ते तिच्या पहिल्याच पानावर, तुमच्या धाग्याच्या त्या एका वाक्याखाली लिहून ठेवा.